रान कुणाचं? सालगड्याचं, बटईदाराचं की गावाचं?

डिसेंबर 2024 मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटवली, तर पाहुणा निघाला यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला. माळरानं, ओढे, उसाचे फड आणि हायवे ओलांडत पाचेकशे किलोमीटर चालून आलेला. पुढचे कित्येक आठवडे भूम-वाशीपासून सोलापूरच्या बार्शीपर्यंत पारावर दुसरा विषय नव्हता. जनावरं मारली गेली, पकडायला बाहेरून पथकं आली, रात्री मोटार चालू करायला शेतात जायचं म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा यायचा.

ज्या अभयारण्यात तो उतरला त्याचं क्षेत्र आहे 22.38 चौरस किलोमीटर. पाच किलोमीटर लांब आणि साडेचार रुंद असा तुकडा समजा. सकाळी निघालेला माणूस न्याहारीपर्यंत आरपार जाईल.

या सगळ्या काळात एक वाक्य भाषणांत आणि पेपरांत सारखं भेटत राहिलं: "वनसंवर्धनात लोकसहभाग वाढला पाहिजे." वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की ते कानावरून घसरून जातं. सहभाग म्हणजे नेमकं काय? पाच जूनला रोप हातात धरून फोटोत उभं राहणं? वणवा लागला की धावणं? की रानाचा निर्णय घेताना मत असणं? या तिन्ही गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो आणि तिथंच घोळ सुरू होतो.

आधी रान आहे तरी किती

1988 च्या राष्ट्रीय वनधोरणानं देशाचा एक तृतीयांश भूभाग वनाखाली असावा असं उद्दिष्ट ठेवलं. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मिळून वनाच्छादन पाच टक्क्यांच्याही आत आहे. जे आहे त्यातला मोठा वाटा नांदेडच्या किनवट-माहूरकडच्या सागवानी रानाचा आणि कन्नडच्या गौताळा-अजिंठा डोंगररांगेचा. लातूर जिल्हा तर एक टक्क्याच्या आत.

आपल्याकडे 'रान' हा शब्दच फसवा आहे. "रानात गेलाय" म्हणजे शेतात गेलाय. त्यामुळे जमिनीचे तीन प्रकार नीट वेगळे करून घेऊ. एक, वनखात्याची जमीन. दोन, गायरान, जी सरकारी असते आणि गावाच्या गुरांसाठी राखलेली असते. तीन, खाजगी माळ. बाभळी तिन्हीकडे सारख्याच दिसतात, पण कायदा तिन्हीकडे वेगळा. या लेखात बोलणं पहिल्या प्रकाराबद्दल आहे. गायरानाचं दुखणं मोठं आहे, पण त्याचा दवाखाना वेगळा.

सालगडी ते बटईदार

इंग्रजांनी 1927 चा वन कायदा केला तेव्हा मांडणी सरळ होती: रान सरकारचं, आणि त्यात शिरणारा माणूस संशयित. सरपणाची मोळी घेऊन येणारी बाई गुन्हेगार, शेळ्या घातलेला पोरगा गुन्हेगार. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण डोंगराकाठच्या माणसाला फरक जाणवावा असं फारसं काही नव्हतं. गार्ड आला की पळायचं, एवढं सगळीकडे सारखं. गावाचा रानाशी सरकारमान्य संबंध उरला तो मजुरीपुरता. खड्डे खणा, पैसे घ्या, घरी जा. म्हणजे सालगडी. सालगडी राबतो, पण यंदा तूर लावायची की कापूस, हे त्याला कुणी विचारत नाही.

बदल सुरू झाला बंगालमधून. 1970 च्या दशकात मेदिनीपूर जिल्ह्यातल्या आराबारी इथं अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्यानं आजूबाजूच्या गावांशी सौदा केला: साल वृक्षांचं रान तुम्ही राखा, उत्पन्नातला 25 टक्के वाटा तुमचा. उजाड झालेलं रान परत फुटलं. त्या अनुभवाच्या आधारावर केंद्र सरकारनं 1 जून 1990 ला राज्यांना परिपत्रक पाठवलं, महाराष्ट्रानं मार्च 1992 मध्ये शासन निर्णय काढला. याचं नाव संयुक्त वन व्यवस्थापन. गावात एक समिती होते, ती वनखात्याबरोबर ठरलेल्या पट्ट्याची राखण करते, बदल्यात गवत, फांद्या, फळं आणि पुढे लाकडाच्या उत्पन्नात वाटा मिळतो. राज्यात अशा समित्या बारा हजारांवर झाल्या. 2006-07 पासून चांगलं काम करणाऱ्या समित्यांना संत तुकाराम वनग्राम योजनेतून बक्षिसंही मिळू लागली.

गावाच्या भाषेत हे बटई झालं. सालगड्यापेक्षा बटईदार बरा, कारण पीक चांगलं आलं तर त्याच्याही घरात येतं. पण बटई मालकाच्या मर्जीवर असते. पुढच्या पाडव्याला मालकानं दुसरा माणूस बघितला तर बटईदाराच्या हातात काही कागद नसतो. संयुक्त वन व्यवस्थापनही शासन निर्णयावर उभं आहे, कायद्यानं दिलेल्या हक्कावर नाही.

"मी बी हाय म्हणं तिच्यात"

बालाघाट डोंगररांगेतल्या एका गावात काही वर्षांमागं वन समितीची चौकशी करत फिरत होतो. डोंगराच्या कडेला शेळ्या राखणारे एक तात्या भेटले. समिती आहे का गावात, म्हणून विचारलं. "हाय की. मी बी हाय म्हणं तिच्यात," तात्या म्हणाले. म्हणं! कुणीतरी कधीतरी आधार कार्डाची झेरॉक्स नेली होती. बैठक कधी झाली, ठराव काय झाला, खात्यावर पैसे किती, यातलं तात्यांना काहीच ठाऊक नव्हतं. वणवा लागला की मात्र गावात सगळ्यात आधी त्यांनाच हाक मारायचे.

सुशासन हा जड शब्द ऐकला की मला तात्यांचं ते 'म्हणं' आठवतं. सुशासन म्हणजे कारभार असा असणं की ज्याच्या नावानं तो चालतो त्याला तो बघता येतो, विचारता येतो आणि चुकलं तर थांबवता येतो. गावपातळीवर त्याच्या जागा अगदी ठरलेल्या असतात. प्रोसिडिंग बुक कुणाच्या कपाटात आहे? बँक खात्यावर सह्या कुणाच्या चालतात? मस्टरवर नावं कुणाची आहेत, आणि ती माणसं खरंच कामावर होती का? संयुक्त वन व्यवस्थापनाच्या समितीत सदस्य सचिव वनखात्याचा माणूस असतो. बैठक बोलावणं, दप्तर ठेवणं, पैशाचा व्यवहार बघणं, सगळं त्याच्या हाताखालून जातं. तो माणूस चांगला असेल तर समिती पळते. त्याची बदली झाली की समिती झोपते. गुण त्या माणसाचा, समितीचा नाही. माझ्या मते लोकसहभाग मोजायचा तर किती हात राबले हे मोजू नये, पेन कुणाच्या हातात होतं ते बघावं.

वृक्षारोपणाचंच बघा. राज्यात 2016 ला दोन कोटी, 2017 ला चार कोटी, 2018 ला तेरा कोटी आणि 2019 ला तेहतीस कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट होतं. आकडे लावलेल्या झाडांचे. जगलेल्या झाडांचा आकडा कधी फलकावर वाचलाय? मराठवाड्यात रोपाची खरी परीक्षा जुलैत होत नाही, ती होते मार्च ते जूनमध्ये, टँकरची वाट माणसंही बघत असतात तेव्हा. जुलैचा फोटो निघाल्यावर मे महिन्यात त्या रोपाला तांब्याभर पाणी घालायला कुणाला मजुरी आहे, हा प्रश्न जिथं आधी सुटला तिथं झाडं जगली. रोजगार हमीतला 'बिहार पॅटर्न' म्हणून जो प्रकार आपल्याकडे आला तो याच विचाराचा: रोपांचा एक गट ठरावीक मजूर कुटुंबांकडे तीन वर्षं द्यायचा आणि मजुरी जगलेल्या झाडांशी बांधायची. खड्डा खणल्याचे पैसे दिले की खड्डे मिळतात. अनेक ठिकाणी तर दरवर्षी तेच खड्डे मिळतात.

सातबाऱ्यावर नाव लागणं

2006 साली संसदेनं वनहक्क कायदा केला आणि 31 डिसेंबर 2007 पासून तो अमलात आला. आपल्याकडे त्याची चर्चा होते ती अतिक्रमित वनजमिनीच्या पट्ट्यांमुळे, म्हणजे एका कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत मिळणाऱ्या वैयक्तिक हक्कामुळे. पण या कायद्यात त्याहून मोठी एक तरतूद आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. गाव परंपरेनं जे रान वापरत आलं, गुरं चारत आलं, राखत आलं, ते सगळं रान सांभाळण्याचा आणि त्याचा कारभार बघण्याचा हक्क ग्रामसभेला मिळू शकतो. याला सामूहिक वनहक्क म्हणू. याला चार हेक्टरची मर्यादा नाही. गावाची परंपरागत हद्द जिथवर, तिथवर हक्क.

सातबाऱ्याची उपमा इथं अर्धीच लागू पडते, हेही सांगायला हवं. नाव लागलं तरी रान विकता येत नाही, तोडून शेती करता येत नाही. मालकी मिळत नाही, कारभार मिळतो. घराण्याच्या देवस्थानाच्या इनामासारखं म्हणा: उत्पन्न खा, दिवा लावा, जमीन मोडू नका.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर रानावर असा हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. तिथलं रान घनदाट, आपलं उजाड, तेव्हा तुलना कशाला, असं कुणी म्हणेल. मग अमरावती जिल्ह्याच्या अचलपूर तालुक्यातलं पायविहीर बघा. तिथं गावाच्या वाट्याला आलं ते साधारण 190 हेक्टर बोडकं रान. गावानं चर खणले, चराई आवरली, झाडं लावली, आणि पुढे त्याच रानातली सीताफळं ग्रामसभेमार्फत शहरात विकली. 2014 मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सीताफळ म्हटल्यावर बीडकरांनी कान टवकारायला हवेत. बीडच्या सीताफळाला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे. बालाघाटाच्या उतारावर, धारूरच्या घाटात ते आपोआप येतं. दिवाळीच्या आगेमागे रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बाया बसतात आणि निम्म्या भावात व्यापाऱ्याला देऊन मोकळ्या होतात. झाड वनखात्याच्या हद्दीतलं असेल तर फळ तोडणाऱ्या बाईच्या मनात धाकधूकही असते. याच कायद्यानं गौण वनउपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या फळं, डिंक, मध, मोहफुलं अशा गोष्टींवर, हक्क सांगता येतो. तो मान्य झाला तर ती बाई चोरून तोडणारी राहत नाही, विकणारी होते. भाव ठरवताना आवाज चढतो तो तिथून.

"पण हा कायदा आदिवासींचा ना?"

हा सगळ्यात मोठा गैरसमज. सरकारी कचेऱ्यांतही तो ऐकलाय. किनवट भागाला पेसा कायदा, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे आणि तिथं गोंड, कोलाम, आंध, परधान समाजाची गावं आहेत, हे खरं. पण वनहक्क कायदा पेसा क्षेत्रापुरता नाही. 'इतर पारंपरिक वननिवासी' अशी वेगळी वर्गवारी त्यात आहे. बंजारा तांडे, धनगर वाड्या, डोंगराकडेची दलित वस्ती, मराठा कुणबी, कुणीही त्यात बसू शकतं. अट एकच: 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथं राहून रानावर उपजीविका असली पाहिजे.

हिशेब केला तर साल येतं 1930. निजामाचा काळ. इथं मराठवाड्याची गोची होते, कारण जुने कागद उर्दूत किंवा मोडीत, आणि निम्मे दप्तरात वाळवीनं खाल्लेले. लोक घेऊन येतात तो खासरा पाहणीचा, म्हणजे जुन्या जमीन-नोंदीचा उतारा, पण तो 1954-55 चा. हैदराबाद गॅझेटचं नाव आरक्षणाच्या निमित्तानं घराघरांत पोचलंय खरं, पण वनहक्कासाठी तेवढ्यावरच अडून राहायची गरज नाही. नियमांत पुराव्याचे अनेक प्रकार मान्य आहेत. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब चालतो, फक्त ते स्वतः दावेदार नसावेत. जुनी विहीर, स्मशान, देवाचं ठाणं, पूर्वजांची समाधी हेही चालतं. यांतले एकाहून जास्त पुरावे जोडायचे. घाटातल्या खंडोबाच्या ठाण्याला कुणी पुरावा म्हणून बघितलेलं नसतं, ते बघायला शिकावं लागतं.

सामूहिक हक्काचा दावा 'नमुना क' मध्ये भरतात. गावाची वन हक्क समिती तपासणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती. दावा तिथं पडून राहतो, ही तक्रार खरी आहे. म्हणून ग्रामसभेतल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. पोच नसलेला दावा म्हणजे पेरलं की नाही तेच आठवत नसलेलं वावर.

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही"

हा आक्षेप जुना आहे आणि वजनदार आहे. गॅरेट हार्डिन या अमेरिकी अभ्यासकानं 1968 मध्ये तो जगभर गाजवला: सामायिक कुरण असेल तर जो तो एक शेळी वाढवत जातो आणि शेवटी कुरणच संपतं. आपल्या गायरानांकडे बघून त्याचं म्हणणं पटतंही.

पण एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीनं जगभरची कुरणं, मासेमारीचे किनारे, पाटपाणी यांचा अभ्यास करून दाखवलं की ते नेहमी खरं नसतं. त्यांना 2009 चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला. हद्द ठरलेली असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील, राखण ठेवणारा त्यांनाच जबाबदार असेल आणि दंड चढत्या क्रमानं असेल, तर सामायिक गोष्ट टिकते. चढता दंड म्हणजे पहिल्या चुकीला समज, दुसऱ्या चुकीला शेळीमागे थोडे पैसे, तिसऱ्याला मोठा भुर्दंड. पहिल्याच चुकीला कोर्टकचेरी केली तर गाव चोराच्या बाजूनं उभं राहतं. हे सांगायला नोबेल कशाला लागतं, असं गावची पंचायत पाहिलेला कुणीही म्हणेल. हार्डिन ज्या कुरणाबद्दल बोलत होता त्याला मालक नव्हता हे खरं, पण त्याला नियमही नव्हते.

आदर्श गाव योजनेतल्या कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी याच जातीच्या. जिथं त्या ग्रामसभेत भांडून ठरल्या तिथं टिकल्या. जिथं फलकावर रंगवल्या तिथं पहिल्या पावसात रंगासकट गेल्या.

"गावातले दोन पुढारीच खाऊन टाकतील"

खातील. ही भीती खोटी नाही, आणि "गाव" म्हणजे एकदिलाची पंगत असते असं मी तरी मानत नाही. चराईबंदीचा ठराव बागायतदार आनंदानं करतो, कारण त्याची जनावरं गोठ्यात आहेत. भार पडतो तो शेळ्यांवर जगणाऱ्या विधवेवर आणि मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरावर. भूम-वाशीकडे खव्याच्या भट्ट्या लाकडावर चालत आल्या आहेत. कुऱ्हाडबंदी झाली की सरपणाचा प्रश्न भट्टीवाल्याचा होतो आणि चुलीवर भाकरी थापणाऱ्या बाईचाही, पण बैठकीत बोलतो तो भट्टीवाला.

कायद्यानं यावर काही टेकू दिलेत. वनहक्काच्या ग्रामसभेला किमान निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया लागतात. वन हक्क समितीतही एक तृतीयांश महिला. राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. आता कोरम कसा भरतात ते आपल्याला माहीत आहे: शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर जातो आणि सह्या-अंगठे गोळा होतात. म्हणून पुढच्या खेपेला सही मागायला रजिस्टर दारात आलं, तर आधी वरचं पान वाचायचं. ठराव कोरा असेल तर सही करायची नाही. माहितीच्या अधिकारात समितीचा जमाखर्चही मागता येतो, आणि मागणारा एक जण गावात आहे एवढं कळलं तरी पुष्कळ पाकिटं जागच्या जागी राहतात.

"आणि गावाला हक्क दिला तर वाघाचं काय?"

अभयारण्यातही सामूहिक वनहक्क मागता येतो, कायद्यात तसं स्पष्ट आहे. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगनाथस्वामी टेकड्यांच्या व्याघ्र प्रकल्पात 2011 मध्ये सोलिगा आदिवासींच्या ग्रामसभांना असे हक्क मिळाले. तिथं वाघ संपले नाहीत.

आपला प्रश्न थोडा वेगळा आहे. येडशीला आलेला वाघ काही येडशीपुरता राहणार नव्हता. त्याआधी 2021 मध्ये गौताळ्यातही एक वाघ असाच यवतमाळकडून चालत आला होता. हे वाघ अभयारण्यातून कमी आणि गावांच्या माळांवरून, ओढ्यांच्या काठांनी, तुरीच्या पट्ट्यांतून जास्त चालतात. त्या वाटेवर वनखात्याचा एक गार्ड कित्येक गावांमागे असतो, आणि शेळ्या-मेंढ्या घेऊन हिंडणारे तात्यांसारखे मात्र शेकड्यानं असतात. ओल्या मातीतला पंजा पहिल्यांदा त्यांनाच दिसतो. तो बघून गुराख्यानं गार्डाला फोन करायचा की गुपचूप मेलेल्या वासरावर विष टाकायचं, हे मागच्या वेळी त्याच्या मेलेल्या गाईचा पंचनामा किती दिवसांनी झाला होता आणि भरपाईचे पैसे खात्यावर आले होते की नाही, यावर ठरतं.